कंपनीलाही शील असते

7 जून 2010 रोजी भोपाळच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांनी युनियन कार्बाइड खटल्याचा निकाल दिला. 2 आणि 3 डिसेंबर 1984 मधल्या रात्री झालेल्या विषारी वायूच्या गळतीचा हा फौजदारी निवाडा साडेपंचवीस वर्षांनी लागत होता. सात भारतीय अधिकाऱ्यांना प्रत्येकी दोन वर्षांची कैद झाली आणि ते लगोलग जामिनावर सुटले. हजारो बळींसाठी दोनच वर्षे, म्हणून देश संतापला. तो संताप रास्तच होता. पण त्याच निकालात आणखी एक आरोपी दोषी ठरला होता. तो म्हणजे युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड ही कंपनी. तिला सुमारे पाच लाख रुपये दंड झाला. या शिक्षेबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही. कंपनीला याहून वेगळे करणार तरी काय, असे जणू सर्वांनी धरूनच चालले होते.

हे धरून चालणे चुकीचे आहे, असे माझे प्रतिपादन आहे. कंपनी ही खऱ्या अर्थाने गुन्हेगार असू शकते, तिला शील असते, ते बिघडते, आणि त्या बिघाडाबद्दल तिला शिक्षा करणे न्याय्य आहे. प्रचलित मत याच्या अगदी उलट आहे. कायदेपंडित, उद्योजक, अर्थशास्त्रज्ञ आणि नीतिशास्त्राचे अभ्यासक यांच्यापैकी कितीतरी जण ते मनापासून मानतात. म्हणून आधी ते पूर्ण ताकदीनिशी मांडले पाहिजे. पूर्वपक्ष दुबळा करून जिंकलेल्या वादाला वाद म्हणू नये.

पूर्वपक्ष

पहिला आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे आणि तोच सर्वांत खोल जातो. नीतिशास्त्रातील एक परंपरा कृतीचा परिणाम पाहते, दुसरी कर्तव्य पाहते. तिसरी, म्हणजे ॲरिस्टॉटलपासून चालत आलेली सद्गुणनीती, कृती करणाऱ्याकडे पाहते. हा कर्ता कसा आहे? त्याचे शील कसे घडले? 1981 साली तत्त्वज्ञ ॲलस्डेर मॅकिंटायर यांच्या ‘आफ्टर व्हर्च्यू’ या ग्रंथाने ही परंपरा पुन्हा चर्चेत आणली. पुढे फौजदारी कायद्याच्या काही अभ्यासकांनीही ती उचलून धरली. गुन्ह्यातून शीलाचा दोष प्रकट होतो आणि शिक्षा हे त्या दोषाला समाजाने दिलेले उत्तर असते, अशी त्यांची मांडणी. आक्षेपक इथेच बोट ठेवतात. ज्याला भीती वाटते त्यालाच धैर्य कमावता येते. ज्याला हाव सुटते त्यालाच संयम शिकता येतो. कंपनीला ना भीती, ना हाव, ना लाज. मग तिला शील कुठून येणार? सद्गुणनीती मानायची आणि कंपनीच्या शिक्षेचे समर्थनही करायचे, हा वदतोव्याघात आहे. खुद्द मॅकिंटायर संस्थांकडे संशयाने पाहत होते. पैसा, सत्ता आणि प्रतिष्ठा यांच्या मागे धावणारी संस्था सद्गुणांना पोखरते, असा इशारा त्यांनी दिला होता.

दुसरा आक्षेप कर्त्याविषयी आहे. सही माणूस करतो, झडप माणूस उघडतो, खोटा अहवाल माणूस लिहितो. जबाबदारी माणसांनाच असते, असे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 साली ठासून सांगितले. त्याही आधी, अठराव्या शतकातील इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर थर्लो यांच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो. त्याचा आशय असा की, कंपनीला नरकात धाडायला आत्मा नाही आणि लाथ मारायला अंग नाही. तेव्हा माणसे धरा. कंपनीला आरोपी करणे म्हणजे खऱ्या गुन्हेगाराला आडोसा देणे.

तिसरा आक्षेप करुणेचा आहे. कंपनीला शिक्षा झाली की भरडले जातात ते कामगार, निवृत्तिवेतनधारक आणि छोटे भागधारक. एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीच्या घोटाळ्यात आर्थर अँडरसन या लेखापरीक्षण कंपनीवर 2002 साली आरोप ठेवले गेले आणि ती दोषी ठरली. जगभर सुमारे 85 हजार माणसे असलेली ही पेढी कोसळली. 2005 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा एकमताने रद्द केली. तोवर पेढी उरलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला सुळी, याचे याहून ठळक उदाहरण कोणते?

चौथा आक्षेप व्यवहाराचा. कंपनीकडून शेवटी पैसाच वसूल होणार असेल, तर फौजदारी न्यायालयाचा घोळ कशाला? नियामकाने दंड आकारावा, कंपनीने भरावा, विषय संपवावा. आपल्याकडे वारे याच दिशेने वाहत आहे. 2023 च्या जनविश्वास कायद्याने 42 केंद्रीय कायद्यांतील 183 तरतुदींमधला फौजदारी भाग काढला किंवा सौम्य केला.

पूर्वपक्ष असा आहे. त्यात तर्क आहे, करुणा आहे आणि अनुभवही आहे. आता त्याची तपासणी करू.

शीलाचा पत्ता

ॲरिस्टॉटलच्या मते शील म्हणजे मनात उमटणारी भावना नव्हे. भावना येते आणि जाते. शील ही मुरलेली वृत्ती आहे. प्रसंग आला की एका ठरावीक दिशेने वागण्याची ती स्थिर तयारी असते. ती जन्मजात नसते, कृतीच्या आवर्तनाने घडते. ती कारणांना जुमानते, म्हणजे तिला समजावता येते आणि प्रयत्नाने बदलताही येते. या वर्णनात रक्तमांसाची अट कुठे आहे? आक्षेपक ती अट बाहेरून आणतात.

उलट ॲरिस्टॉटलनेच ती अट ओलांडली आहे. ‘पॉलिटिक्स’च्या सातव्या भागात तो म्हणतो की नगराचे धैर्य, न्याय आणि विवेक यांचे रूप व सामर्थ्य माणसातील त्याच गुणांसारखे असते. तिसऱ्या भागात तो विचारतो की नागरिक बदलत राहिले तरी नगर तेच आहे असे आपण कशाच्या आधारे म्हणतो. त्याचे उत्तर असे की नगराची ओळख त्याच्या रचनेत असते. माणसे बदलतात, रचना टिकते. कंपनीबद्दल याहून वेगळे काय म्हणायचे आहे?

शील ओळखायचे कसे, हेही तो सांगतो. माणसाला कशात सुख वाटते आणि काय खुपते, यावरून त्याचे शील कळते. कंपनीला हीच कसोटी लावा. ती कोणाला बढती देते? कोणाची तक्रार फायलीत दडपते? तंगी आली की पहिली कात्री कशाला लावते? या तीन प्रश्नांची उत्तरे कागदोपत्री सापडतात आणि ती कोणत्याही साक्षीदाराच्या कबुलीपेक्षा जास्त बोलतात.

भोपाळचा कारखाना जवळून पाहू. ज्या टाकीतून विषारी वायू सुटला, तिच्यात सुमारे 40 टन मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. हे रसायन थंडच ठेवावे लागते. ते थंड ठेवणारी शीतयंत्रणा 1984 च्या जूनपासून बंद होती. निसटलेला वायू निष्प्रभ करणारी धुलाई यंत्रणा त्या रात्री कार्यरत नव्हती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. पाळीवरची माणसे कमी केली होती आणि रात्रपाळीच्या देखभाल पर्यवेक्षकाची जागाच रद्द केली होती. 1981 च्या डिसेंबरमध्ये याच कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. 1982 च्या मे महिन्यात अमेरिकेतून आलेल्या कंपनीच्याच तपासनिसांनी गंभीर त्रुटींची यादी दिली होती. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी शहराला सावध करत होते. टाकीत कोणीतरी मुद्दाम पाणी सोडले, असा घातपाताचा दावा कंपनीने पुढे केला. तो क्षणभर खरा मानला तरी काय बदलते? टाकीत पाणी कोणीही सोडले असो, शीतयंत्रणा त्याने बंद केली नव्हती. ती तंगीत चालणाऱ्या कारखान्याच्या कात्रीने बंद झाली होती.

या यादीत एखादी घटना अपवादाची वाटते का? मला तिच्यात सवय दिसते. इशारा मिळूनही न ऐकण्याची आणि खर्च वाचवायचा तर तो आधी सुरक्षेचा वाचवण्याची ही सवय होती. ॲरिस्टॉटल जिला दुर्गुण म्हणतो, ती हीच मुरलेली वृत्ती.

भावनेचा आक्षेप तरीही उरतो, असे कोणी म्हणेल. त्याने निष्काळजीपणाच्या गुन्ह्याचा विचार करावा. भरधाव मोटार चालवून माणूस मारणाऱ्याला न्यायालय शिक्षा करते. त्या क्षणी त्याच्या मनात कोणती भावना होती, हे ते विचारत नाही. जिथे काळजी असायला हवी होती तिथे ती नव्हती, एवढेच पाहते. बेपर्वाई म्हणजे भावनेचा अभावच. भावना नसणे हाच जिथे माणसाचा दोष ठरतो, तिथे तेच कंपनीचे निर्दोषत्व कसे ठरेल?

मॅकिंटायर यांचा दाखला तर आक्षेपकांवरच उलटतो. संस्था सद्गुणांना पोखरते, असे ते म्हणतात. मान्य. पण जी पोखरू शकते ती कर्ती झाली. जिला दुर्गुण जडतो तिला शीलच नाही, हे एका दमात कसे म्हणता येईल?

आणि आपला कायदा काय म्हणतो? भारतीय दंडसंहितेचे कलम 499 बदनामीचे. त्याचे दुसरे स्पष्टीकरण सांगते की कंपनीचीही बदनामी होऊ शकते. चौथे स्पष्टीकरण सांगते की लौकिकाला बाधा कधी पोचते, तर इतरांच्या नजरेत त्या व्यक्तीचे नैतिक किंवा बौद्धिक शील, व्यवसायातले नाव किंवा पत उणावते तेव्हा. आता तिच्या जागी आलेल्या भारतीय न्यायसंहितेनेही ही तत्त्वे कायम ठेवली आहेत. म्हणजे तुम्ही कंपनीला अप्रामाणिक म्हणालात, तर ती नावलौकिकासाठी तुम्हाला न्यायालयात खेचू शकते. खटला भरताना तिला लौकिक आहे. खटला अंगावर आला की ती नुसती कागदावरची नोंद. हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाही.

माणसे धरा, कंपनी सोडा?

6 मार्च 1987 रोजी बेल्जियममधील झीब्रुगा बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही ब्रिटिश प्रवासी बोट पुढचे दरवाजे उघडे ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत कलंडली. 193 जण गेले. दरवाजे बंद करण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो खलाशी आपल्या खोलीत झोपला होता. मग त्याला धरावे का? दरवाजे बंद झाले की नाही हे कप्तानाला कळावे म्हणून एखादा दर्शक दिवा बसवा, अशी मागणी कप्तानांनीच केली होती. व्यवस्थापनाने ती उडवून लावली. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीचा निष्कर्ष असा होता की ढिसाळपणाचा रोग कंपनीत वरपासून खालपर्यंत पसरलेला होता.

तरीही 1990 साली कंपनीवरचा सदोष मनुष्यवधाचा खटला कोसळला. त्याला कारण ‘माणसे धरा’ हेच तत्त्व. 1971 च्या टेस्को खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितले होते की कंपनीचा गुन्हा ठरवायचा तर कंपनीचा मेंदू म्हणता येईल असा वरिष्ठ माणूस दोषी सापडला पाहिजे. कपडे धुण्याच्या पावडरीच्या किमतीवरून झालेल्या त्या खटल्यात दुकानाचा व्यवस्थापक मेंदू ठरला नाही आणि कंपनी सुटली. बोटीच्या खटल्यात एकाही वरिष्ठाच्या माथी पुरता दोष येईना, म्हणून 193 मृत्यूंची कंपनीही सुटली. दोष सर्वांत वाटला गेला की तो कोणाचाच राहत नाही. या तत्त्वाचा परिणाम पाहा. छोट्या कारखान्याचा मालक यंत्राशेजारी उभा असतो, म्हणून तो सापडतो. अवाढव्य कंपनीत निर्णय पंचवीस टेबलांवरून फिरतो, म्हणून ती निसटते. जितका पसारा मोठा तितके अभय जास्त. असा न्याय कोणाला मान्य होईल?

भारतीय न्यायालये या वाटेवर काही पावले पुढे आली आहेत. कंपनी गुन्ह्याच्या जबाबदारीतून सरसकट सुटत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सिंडिकेट ट्रान्सपोर्ट खटल्यात मान्य केले होते. मात्र द्विविवाहासारखे जे गुन्हे माणूसच करू शकतो आणि ज्यांना कैदच सांगितली आहे असे गुन्हे त्याने बाजूला ठेवले. पुढे 2005 साली स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवले की कैद सक्तीची असली तरी कंपनीवर खटला चालेल आणि तिला दंड होईल. 2010 साली इरिडियम खटल्यात न्यायालयाने कंपनीलाही गुन्हेगारी हेतू असू शकतो, असे स्पष्ट केले. पण तो हेतू शोधायचा कुठे? कंपनी चालवणाऱ्या माणसांच्या मनात. म्हणजे आपणही अजून मेंदूच शोधतो आहोत. सवयीकडे आपले लक्ष गेलेलेच नाही.

आता कॅलिफोर्नियात जाऊ. 8 नोव्हेंबर 2018 रोजी पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक कंपनीच्या मनोऱ्यावरचा, जवळजवळ शंभर वर्षे लटकलेला एक झिजलेला आकडा तुटला. विजेची तार निसटली, ठिणगी उडाली आणि पॅराडाइज हे गाव जळून गेले. 16 जून 2020 रोजी कंपनीचे मुख्याधिकारी बिल जॉन्सन न्यायालयात उभे राहिले. पडद्यावर एकेका मृताचे छायाचित्र येत होते, न्यायाधीश नाव घेऊन विचारत होते आणि जॉन्सन ‘दोषी’ म्हणत होते. असे ते 84 वेळा म्हणाले.

पण जॉन्सन त्या कंपनीत आले होते 2019 साली. आग लागली तेव्हा ते तिथे नव्हते. मग ते 84 वेळा कोणाच्या अपराधाची कबुली देत होते? स्वतःच्या नक्कीच नाही. शंभर वर्षांत त्या आकड्याखालून गेलेल्या कोणा एका अभियंत्याच्याही नाही. कंपनीला अपराध असूच शकत नसेल, तर ती 84 उत्तरे खोटी ठरतात. ती खोटी आहेत असे त्या न्यायालयात कोणाला वाटले असेल, असे मला वाटत नाही. मृतांच्या नातेवाइकांना वाटले असेल का?

माणसांना सोडा, असे मी म्हणत नाही. ज्याने जाणूनबुजून खोटे लिहिले त्याला कैद झालीच पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही, याला पर्ड्यू फार्मा साक्ष आहे. ऑक्सिकॉन्टिन या वेदनाशामकाच्या व्यसनाचा धोका लपवल्याबद्दल 2007 साली पर्ड्यूच्या संलग्न कंपनीने गुन्हा कबूल केला. तीन वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही केला. साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली गेली. म्हणजे माणसेही धरली, पैसाही घेतला. त्यानंतर 2020 साली पर्ड्यूने पुन्हा गुन्हे कबूल केले आणि ते 2007 नंतरच्या वर्तनाचे होते. माणसे बदलली, सवय राहिली. गुन्हेशास्त्राचे अभ्यासक एडविन सदरलँड यांनी 1949 च्या आपल्या प्रसिद्ध अभ्यासात अमेरिकेतील 70 बड्या कंपन्यांविरुद्ध न्यायालये आणि प्रशासकीय मंडळांचे 980 निर्णय मोजले होते, म्हणजे सरासरी एका कंपनीमागे 14. माणसाच्या बाबतीत असा इतिहास असता तर पोलिसांनी त्याला सराईत म्हटले असते.

निरपराधांचे काय?

तिसरा आक्षेप मी हलका समजत नाही. पण तो सिद्ध काय करतो? बापाला तुरुंगात टाकले की मुले उघडी पडतात. म्हणून आपण खुनाचे खटले बंद केले नाहीत. शिक्षेची झळ निरपराधाला कमीत कमी लागेल अशी तिची रचना करायची, हा त्यातला धडा आहे.

अँडरसनचे उदाहरणही नीट वाचले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली ती ज्युरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून. कंपनी गुन्हा करूच शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही. खटला चुकीचा चालला. यावरून खटलाच नको, हा निष्कर्ष कसा निघतो?

पण अँडरसनच्या भीतीने अमेरिकी सरकारने दुसरी वाट रुंद केली, खटला लांबणीवर टाकण्याच्या करारांची. तिचे फळ बोइंगमध्ये दिसले. 737 मॅक्स जातीच्या दोन विमानांच्या अपघातांत 2018 आणि 2019 साली 346 जण ठार झाले. 2021 च्या जानेवारीत अडीच अब्ज डॉलरचा करार झाला आणि खटला थांबला. त्या रकमेतला फौजदारी दंड सुमारे 24 कोटी डॉलर होता. कराराची मुदत संपायला दोन दिवस असताना, 5 जानेवारी 2024 रोजी, आकाशात असलेल्या मॅक्स विमानाच्या कुशीचा दरवाजाएवढा तुकडा उडून गेला. कंपनीने करार मोडला, असे सरकारच म्हणाले. पुढे 2025 साली सरकारच्याच विनंतीवरून खटला निकाली निघाला. 346 माणसे काय अपराधी होती? निरपराधांचा कळवळा खरा असेल, तर तो पुढच्या अपघातातल्या निरपराधांपर्यंतही पोचला पाहिजे.

पैशाने फिटते का?

पैशाचा दंड कंपनीच्या हिशेबात खर्च म्हणून बसतो. तो भागधारक सोसतात, ग्राहक सोसतात. ज्या सवयीमुळे गुन्हा घडला तिला तो शिवतही नाही. करुणेचा आणि व्यवहाराचा असे दोन्ही आक्षेप घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. निरपराधांना सर्वांत जास्त झळ पोचवणारी आणि दोषाला सर्वांत कमी भिडणारी शिक्षा म्हणजे निव्वळ दंड. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

मग नियामकाचा दंड आणि न्यायालयाची शिक्षा यांत फरक काय? नियामक म्हणतो, ‘इतके भर.’ न्यायालय म्हणते, ‘तू हे केलेस आणि ते निंद्य होते.’ समाजाच्या वतीने उघडपणे केलेली ही निंदा दुसऱ्या कोणत्याही कचेरीत मिळत नाही. जनविश्वास कायद्याने औषध कायद्यातील कलम 27(ड) चा गुन्हा रक्कम भरून मिटवता येईल असा केला. निकृष्ट प्रतीच्या औषधांचे बरेच खटले या कलमाखाली येतात. एखाद्या अर्जाची मुदत चुकली, तर त्यावर फौजदारी नको, हे मलाही पटते. पण रोग्याच्या पोटात जाणाऱ्या औषधाचा कस उतरला, तर तोही मुदतीच्याच चुकीच्या रांगेत?

माझ्याविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा

प्रतिपक्षाने न मांडलेला एक पुरावा मीच मांडतो. त्याच कॅलिफोर्नियातील वीज कंपनीच्या वायुवाहिनीच्या 2010 च्या स्फोटात सॅन ब्रुनो गावात आठ जण ठार झाले होते. त्या प्रकरणात 2016 साली ती सहा गुन्ह्यांत दोषी ठरली. 2017 च्या जानेवारीत तिला तीस लाख डॉलर दंडाबरोबर पाच वर्षांची न्यायालयीन देखरेख, दहा हजार तासांची समाजसेवा आणि आपण दोषी ठरल्याच्या जाहिराती देण्याची शिक्षा झाली. शील सुधारण्याची शिक्षा म्हणतात ती हीच. पॅराडाइज जळाले ते या देखरेखीच्या काळात. 2022 च्या जानेवारीत मुदत संपताना न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी लिहून ठेवले की देखरेखीच्या काळात कंपनीमुळे किमान 31 वणवे लागले, 113 माणसे मेली आणि तिच्यापासूनचा धोका टळलेला नाही.

म्हणजे माझे प्रतिपादन कोसळले? नाही. पहिली गोष्ट, उपचार अपुरा पडला याचा अर्थ रोगी निरोगी होता असा होत नाही. माणसांचे तुरुंगही कितीतरी कैद्यांना सुधारत नाहीत. म्हणून ते कैदी गुन्हेगार नव्हते, असे कोणी म्हणत नाही. दुसरी गोष्ट, हे अपयश आपल्याला कळले ते देखरेखीमुळेच. ऑल्सप यांनी झाडे तोडण्याचे हिशेब मागवले, छाटणीचे लक्ष्य पुरे होईपर्यंत भागधारकांना लाभांश वाटू नका असे बजावले. नुसता दंड भरून कंपनी सुटली असती, तर तिच्या पोटात काय चालले आहे हे कोणत्या न्यायालयाला दिसले असते? तिसरी आणि महत्त्वाची गोष्ट, पाच वर्षे संपली की न्यायाधीशाच्या हाती पुढची पायरीच नव्हती. जित्याची खोड मोडायची तर पायऱ्या चढत गेल्या पाहिजेत आणि शेवटची पायरी परवाना काढून तो कारभार दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची असली पाहिजे.

मग कायदा कसा हवा?

हा मार्ग मी कल्पनेतून काढलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या 1995 च्या फौजदारी संहितेत ‘कंपनीची संस्कृती’ हा दोष ठरवण्याचा आधार आहे. कंपनीतील वृत्ती, धोरण, नियम, वागण्याची रीत आणि प्रथा तिथे न्यायालयापुढे पुरावा म्हणून येतात. ब्रिटनने बोटीच्या खटल्यासारख्या अपयशांतून धडा घेऊन 2007 चा कंपनी मनुष्यवध कायदा केला. त्यात ज्युरीला कंपनीतील वृत्ती आणि रूढ प्रथा विचारात घेता येतात. सुधारणेचा आदेश देता येतो आणि अपराध जाहीर करायलाही लावता येते. अमेरिकेच्या शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही कंपन्यांसाठी 1991 पासून स्वतंत्र प्रकरण आहे आणि 2004 पासून त्यात नैतिक वर्तनाला उत्तेजन देणाऱ्या संस्कृतीचा उल्लेख आहे. शीलाची भाषा या कायद्यांनी स्वीकारली आहे.

आपण काय केले? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्यायसंहिता लागू झाली. दीडशे वर्षांहून जुनी दंडसंहिता बाजूला सारण्याची ती संधी होती. नव्या संहितेतही ‘व्यक्ती’ या व्याख्येत कंपनी येते. पण शिक्षांची यादी पाहा. देहदंड, जन्मठेप, कैद, मालमत्तेची जप्ती, दंड आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी नव्याने आलेली सामुदायिक सेवा. यातली एकही शिक्षा कंपनीचा विचार करून घडवलेली नाही. अधिकाऱ्यांच्या तुटपुंज्या कैदेवर संतापलेल्या देशाने 2010 चा तो दुसरा आरोपी अजून पाहिलेलाच नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. गंभीर गुन्ह्यात कंपनीचा दोष ठरवताना तिची रीत, तिला मिळालेले इशारे आणि त्यांची तिने लावलेली वाट हा पुरावा मानावा. दंडाबरोबर न्यायालयीन देखरेख, ठरावीक सुधारणेचा आदेश आणि अपराधाची जाहीर कबुली या शिक्षा संहितेत याव्यात. देखरेख मोडली तर लाभांश आणि अधिकाऱ्यांचे बोनस रोखण्यापासून परवाना काढण्यापर्यंत चढत्या पायऱ्या असाव्यात. आणि यातले काहीही दोषी अधिकाऱ्याच्या वैयक्तिक शिक्षेऐवजी नसावे. ते तिच्या जोडीने असावे.

दोन्ही बाजू वाचकांसमोर आहेत. कंपनीला शील नाही असे मानणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की भोपाळची शीतयंत्रणा कोणाच्या सवयीने बंद राहिली आणि त्या सवयीला आजवर कोणती शिक्षा झाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कंपनी हेच आहे. दुसऱ्याचे उत्तर सुमारे पाच लाख रुपये हे आहे. हा न्याय झाला, असे ज्याला म्हणवत असेल त्याने प्रचलित मत खुशाल मानावे. ज्याला म्हणवत नसेल त्याने आपल्या खासदाराला विचारावे की नव्या संहितेत कंपनीसाठी शिक्षेचे कलम कधी येणार.